नदीसकट

दिगू, तुझा फोटो माझ्यासमोर कॉम्प्युटरवर उघडा आहे आणि मला त्यातलं पाणी पुसायचं आहे.

काम तुझ्या पोरीनं सांगितलं. नागपूरहून आल्यापासून ती रडत नाही, नुसती कामं करत सुटली आहे. स्टुडिओत आली, मोबाइलमधला फोटो दाखवला आणि म्हणाली, "काका, ये वाला. तेरवीला यालाच हार घालू. पीछे का पानी निकाल देना, आईला बघवत नाही. अन् कोट घालून द्या." अर्धं मराठी, अर्धं हिंदी, तुझंच वळण. मी हौ म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

फोटो मीच काढलेला आहे. डोंगाघाटावर तू कमरेएवढ्या पाण्यात उभा आहेस. मागे मासेमार भैयालालचा डोंगा, हातात त्याचं फेकजाळं, जे तुला कधी धड फेकता आलं नाही. तोंड उघडं आहे, म्हणजे मला शिव्याच घालत असशील. साऱ्या घाटाचे फोटो काढलेस आणि आधार कार्डावरचा सोडला तर तुझा स्वतःचा म्हणावा असा हा एवढाच निघाला. त्या आधार कार्डावर तर तू कुणी पाकीटमार वाटतोस.

कोर्टाच्या रस्त्यावर आपण स्टुडिओ टाकला तेव्हा कामं वाटून घेतली होती. वाटून कसली! तू उजाडलं की वैनगंगेवर जायचास आणि उरलेलं सगळं मी करायचं. पासपोर्ट फोटो, लग्नं, शाळांची ओळखपत्रं, रडणारी पोरं, सगळं माझ्या गळ्यात. तू दुपारी यायचास, पायाला रेती लागलेली, अंगाला मासळीचा वास, आणि माझ्या धुतलेल्या फरशीवरून सरळ आत. काय काढलंस म्हणून विचारलं की म्हणायचास, "काही नाही बे, डोंगे काढले." मग कधीतरी ते फोटो बघायला मिळायचे. डोंग्याला डांबर लावणारी माणसं, बांबूवर वाळणारी जाळी, पहाटे टोपल्यात झिंगे निवडणाऱ्या बाया. मी म्हणायचो, ठीक आहेत. मला ते फार आवडायचे, दिगू. एवढं साधं वाक्य इतक्या वर्षांत तोंडातून निघालं नाही, आणि आता ऐकायला तू नाहीस.

आपलं भांडण मात्र शेवटपर्यंत चालू होतं. घाटावरच्या मासेमार ढीमरांपैकी कुणी गेलं की घरचे आपल्याकडे यायचे. घरात फोटो नसायचा, पण दिगूदादानं कधीतरी काढला असेल ही खात्री असायची. तू शोधून द्यायचास. मी त्यातलं तोंड कापायचो, मागे निळा रंग भरायचो आणि गळ्याखाली कोट चढवायचो. आपल्या कॉम्प्युटरात कोट एकच आहे, करडा, निळ्या टायचा. तोच सगळ्यांना.

तू खवळायचास. "शरद्या, ह्या मानसाले नदीतून काढलं तं उरते काय? एक मुंडकं!"

"घरच्याईले मुंडकंच पाह्यजे रायते," मी म्हणायचो. "फोटो तुया हाये, मेलेला मानूस त्याईचा हाये."

मग तू चहा न पिता निघून जायचास आणि दुसऱ्या दिवशी दोन कप मागवायचास.

सुकवारोबाई आली तो दिवस तुला आठवत असेल. तिचा नवरा, रामरतन, वरच्या धरणातून पाणी सोडलं त्यात डोंग्यासकट गेला होता. तुझ्याकडे त्याचा इतका देखणा फोटो होता की तो बघून मीही हातातलं काम सोडलं. रामरतन डोंग्याच्या टोकावर उभा, जाळं हवेत गोल उघडलेलं, मागे सगळी वैनगंगा. तू मोठ्या हौसेनं तो तिच्यासमोर ठेवलास. तिनं पाहिला, रामरतनच्या तोंडावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "पानी काढून टाका जी."

"काहून?" तू विचारलंस.

"पान्यानंच तं खाल्लं त्याले. आता पान्यालेच घरात टांगू का?"

ती पुढे म्हणाली, "अन् कोट बी घाला."

"रामरतनले कोट? जिंदगीभर लुंगीवर राह्यला तो."

"म्हनूनच तं घाला."

मी घातला. तू बाहेर जाऊन पायरीवर बसलास. संध्याकाळी म्हणालास की मी नदी पुसतो म्हणजे त्या लोकांचं कामच पुसतो, उद्या नदीत काही उरलं नाही तर हे कोण होते ते कोणालाच कळायचं नाही. मी म्हणालो, त्या बाईला रोज सकाळी उठून त्या भिंतीकडे बघायचं आहे, तुला नाही. दोघंही तोडीस तोड बोललो आणि कोणी कोणाचं ऐकलं नाही.

तुझी ती एकच लेन्स. मी झूमची आणून दिली तर ती तू लग्नांसाठी माझ्याकडेच टाकलीस. "झूम पायात रायते बे," म्हणायचास. घाटावरचा माणूस नदीसकटच घ्यायचा, हा तुझा नेम. मग डोळा कॅमेऱ्याला आणि पाय मागे, आणखी मागे, माणसामागची नदी पूर्ण मावेपर्यंत. मागे शेळी आहे की दोरी, तुला पत्ता नसायचा. एकदा सुकवारोच्या झिंग्यांच्या टोपल्यात बसलास. तेव्हापासून तिनं तुझ्यावर जी दातओठ खाणं सुरू केलं ते कायमचंच. तू कॅमेरा उचललास की ती हात उगारायची, पंजा समोर, बोटं वर. "हट दादा, हट! काम करू दे!" तुला ते इतकं आवडायचं की तू हसत हसत बटण दाबायचास. तिचा एकही फोटो त्या हाताशिवाय नाही. स्टुडिओत दारासमोरच्या भिंतीवर तू त्यातलाच एक मोठा करून लावलास आणि गिऱ्हाईक आत आलं की आधी त्यालाच हट म्हटल्यासारखं व्हायचं. यावरूनही आपण भांडलो आहोत.

आता तुझ्यावर रागावू दे मला. मेलेल्यावर रागावू नये म्हणतात, पण तुझं काय, तू जिवंतपणीही मनावर घ्यायचा नाहीस.

नदी बदलली हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तुझ्या जुन्या फोटोंत घाटावर डोंग्यांना जागा पुरत नाही. अलीकडच्या फोटोंत भैयालालचा एकटा डोंगा आहे आणि मागे रेती उपसणारी मशीन. पोरं हैदराबादला मजुरीला गेली. मरळ, बाम असली मासळी दिसेनाशी झाली. बाया उरल्यासुरल्या झिंग्यांवर बाजारात बसतात. मशीननं रेती उचलली की तळाशी खड्डा राहतो आणि वरून पाणी सगळीकडे सारखंच दिसतं, हे मला तूच सांगितलंस. भैयालाल खड्ड्याशी बांबू रोवून चिंधी बांधतो, त्या चिंधीचाही फोटो तुझ्याकडे आहे. धरणातून पाणी आलं की बांबू वाहून जातो, हेही तूच सांगितलंस. सगळं माहीत होतं, पोहायला येत नव्हतं, आणि तरी मागे मागे चालत खड्ड्यात गेलास.

मी त्या सकाळी शाळेच्या पोरांचे फोटो काढत होतो. भैयालालचा फोन आला. "शरदभाऊ, या जी. दादा पान्यात गेले." मला वाटलं, भिजलास. मी विचारलंसुद्धा, "कॅमेरा वाचला का?"

पोहोचलो तेव्हा भैयालालनं तुला काढलं होतं. कोणी बुडालं की पोलीस त्यालाच बोलावतात. कोणाकोणाची प्रेतं त्यानं काढली आणि घरी जाऊन जेवला. तुला काढून तो तुझ्या पायाशी बसला आणि तुझ्या चपलेतली रेती बोटानं काढत राहिला. कॅमेरा तुझ्या गळ्यात तसाच होता. ओळखीचं माणूस पाण्यातून काढलं की तेरवीपर्यंत जाळं ओलं करायचं नाही, अशी त्या घाटाची रीत आहे. अनोळखी असलं तर पाळत नाहीत, रोजच्या पोटाचा प्रश्न असतो. तुझ्यासाठी पाळून राहिले आहेत. जाळी बांबूवर कोरडी लटकली आहेत आणि बाया बाजारात बसलेल्या नाहीत.

सुकवारो रेतीवर बसली होती, गळ्यापर्यंत भिजलेली. तुझ्या मागे ती पाण्यात शिरली होती, हाताला तू लागला नाहीस. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मी बलावलं जी दादाले. मी बलावलं." पण मशीन चालू होती, भैयालाल त्या मशीनच्याही पलीकडे होता, आणि तिची हाक कोणीही ऐकली नव्हती.

हे सांगणं भाग आहे. तुला घरातून नेलं त्याच दिवशी ती तुझ्या दाराशी आली. शोभावहिनींनी तिला पाहिलं आणि उंबऱ्यातच अडवलं. "समोर उभी होतीस ना तू? फोटो काढून घेऊन राह्यली होतीस. एक हाक मारता नाही आली तुले?"

"मारली जी बाई."

"कोणी ऐकली?"

सुकवारोनं इकडेतिकडे पाहिलं. आम्ही सगळे तिथं उभे होतो आणि आमच्यापैकी कोणीच ऐकली नव्हती. ती परत गेली. पण वहिनींचं बोलणं गेलं नाही, ते गावभर फिरलं. चहाच्या टपरीवर मी माझ्या कानांनी ऐकलं की फोटोच्या नादात ढिमरीण नुसती बघत राहिली. मी तसं बोलणाऱ्याला झापलं, पण माझ्याजवळ तरी काय होतं? मलाही वाटून गेलं, दिगू, की तिनं हाक मारली असती तर तू ऐकली असतीस. माणसाला कोणीतरी दोषी हवंच असतं. नदीवर किती रागावणार? वहिनींनी तुझ्या अस्थीही वैनगंगेत सोडू दिल्या नाहीत, रामटेकला नेल्या.

पोलिसांनी पंचनामा करून कॅमेरा माझ्या हाती दिला. कॅमेरा संपलेलाच होता. त्यातलं कार्ड काढून मी तांदळाच्या डब्यात खुपसलं. आपल्या बालाघाटात तांदळाला तोटा नाही. कार्ड चालेल असं वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर चालू नये असंच वाटत होतं.

चाललं.

त्या सकाळचे सुकवारोचे फोटो होते. नदीच्या मधल्या रेतीवर ती उभी, खांद्यावर जाळं. पहिल्या फोटोत नुसती ती आणि रेती. नेहमीचा हात, हट दादा. पुढच्यात तिच्या मागे पाण्याची पट्टी आली. मग आणखी पाणी, मग पलीकडच्या काठाची झाडं. ती लहान होत गेली आणि नदी मोठी, म्हणजे तू मागे मागे जात होतास. मी एकेक फोटो पुढे सरकवत होतो आणि प्रत्येक वेळी तोंडातून निघत होतं, बस, आता थांब. शेवटच्या फोटोत तिचं तोंड उघडं आणि हात उगारलेला. मला वाटलं, हा पण तसलाच. बंद करणार होतो.

पण आयुष्य मी दुसऱ्यांच्या कॉलरी आणि हात नीट करण्यात घालवलं आहे. हाताशी आलो की आपोआप थांबतो. फोटो मोठा केला. पंजा समोर नव्हता. पंजा खाली होता आणि बोटं तिच्याकडे वळलेली. हट म्हणताना हात असा होत नाही. ये म्हणताना होतो. आणि जाळं तिच्या पायाशी पडलं होतं. रेतीत जाळं टाकणाऱ्याला ती किती बोलते ते तुला माहीत आहे.

ती बोलावत होती. आधीच्या एवढ्या फोटोंत तिनं तुला हाकललं होतं आणि या एकात इकडे ये म्हणत होती. तुला तो नेहमीचाच हात वाटला. तू नेहमीसारखा हसला असशील. तिची ओरड मशीननं गिळली होती, हात तेवढा उरला होता, आणि तो तू टिपलास.

मग प्रिंट काढली. तुझ्या फोटोची एखादी कड तरी मी नेहमी कापायचोच. ही जशी होती तशी काढली.

मग कॉम्प्युटरवर उघडून ठेवलेलं तुझं काम पुरं केलं. पाणी पुसलं. जाळं गेलं, भैयालालचा डोंगा गेला, कंबर गेली, मुंडकं उरलं. निळा रंग भरला. कोट शोधायला गेलो आणि लक्षात आलं की आपल्याकडे तो एकच आहे. रामरतनच्या अंगावर तोच, भैयालालच्या बापाच्या अंगावर तोच, घाटावरच्या प्रत्येक भिंतीवर तोच. तुलाही तो बरोबर बसला, खांद्याशी जराही ओढावा लागला नाही. तुला नक्की राग आला असता. पण वहिनींना रोज त्या भिंतीकडे बघायचं आहे, तुला नाही. हे मी तेव्हाही म्हणालो होतो आणि आताही म्हणतो.

दोन्ही फोटो आणि स्टुडिओच्या भिंतीवरचा सुकवारोचा मोठा फोटो घेऊन तुझ्या घरी गेलो. वहिनींनी तुझा फोटो मांडीवर घेतला, काचेवरची नसलेली धूळ पदरानं पुसली. "छान दिसतात," म्हणाल्या. मग मी कार्डावरचा पुढे केला. नदी दिसल्याबरोबर त्यांनी मान फिरवली.

"वहिनी, पाण्याकडे नका पाहू. फक्त तिचा हात पाहा."

"पाह्यला. तिचं नेहमीचंच आहे ते. हट म्हणते."

मी भिंतीवरचा फोटो शेजारी ठेवला. वहिनी एकदा या फोटोकडे बघत, एकदा त्या. मग त्यांनी स्वतःचा हात उचलला. आधी पंजा समोर केला, दूर लोटल्यासारखा. मग सावकाश खाली वळवला आणि बोटं आत घेतली. पुन्हा एकदा आत घेतली. तुझी पोर दारात उभी होती, ती तिथंच खाली बसली आणि पहिल्यांदा रडली.

"बलावत होती," वहिनी म्हणाल्या.

"हौ."

"अन् हे पाहत होते तिच्याकडे."

"हौ."

बराच वेळ त्यांनी तो फोटो हातातून सोडला नाही. मग चप्पल घालत म्हणाल्या, "चला भाऊजी. घाटावर जाऊ. तेरवीचं सांगून येऊ तिले." मी म्हणालो, मी सांगतो, तुम्हाला नदी बघवायची नाही. "नाही बघवत," त्या म्हणाल्या, "पण मी दारातून परत पाठवली तिले, तं मीच जाते."

घाटावर त्या शेवटच्या पायरीपर्यंत उतरल्या नाहीत, वरच थांबल्या. सुकवारो कोरड्या जाळ्यांखाली बसली होती. वहिनींना बघून उठली आणि जायला निघाली. वहिनींनी हाक मारली नाही. नुसता हात केला, पंजा खाली, बोटं आत. सुकवारो थबकली आणि पायऱ्या चढून वर आली. दोघी काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, मशीन चालूच होती.

तेरवीला सगळा घाट जेवायला होता. सुकवारो तुझ्या फोटोसमोर उभी राहिली. "दादाले बी कोट घातला का जी? बरं केलं." मग हळूच मला विचारलं, "माह्या फोटो कसा आला शेवटचा? बाई म्हने, हाये म्हने."

"चांगला आला. नदी पूर्ण आली."

"अन् हात?"

"हातबी आला."

तिनं पदर तोंडाला लावला आणि पंगतीत जाऊन बसली. भैयालाल सांगत होता, उद्या जाळी ओली करू, काही मिळालं तर मिळालं.

भिंतीवरची ती मोठी तसबीर मी परत आणून लावली आहे. शेजारी तुझा शेवटचा फोटो, न कापता. नदीसकट घ्यायचा असतो हे तुझं म्हणणं मी मान्य केलं, जा. कापला असता तर त्यात एक चिडलेली बाई राहिली असती आणि तिचं कोणी कधीच खरं मानलं नसतं. पण ही कबुली द्यायला तू समोर नाहीस. आता भांडण मिटलं तरी त्याचं करू काय? दोन कप चहा येतो. चहावाल्या पोऱ्याला अजून सांगितलं नाही.

गिऱ्हाईक आलं की आधी त्या दोन्ही फोटोंकडे बघतं. एकात ती जा म्हणते, दुसऱ्यात ये म्हणते. कोणालाही समजतं, लहान पोरालाही. तू तर तिच्याकडंच पाहत होतास रे, लेका.